भिंग सरकेपर्यंत

कुणाचाही मोबाईल हातात आला की मी कॅमेरा चालू करते आणि फोन कानाला लावते. बघणाऱ्याला वाटतं, मावशींना कुणाचा तरी फोन आलाय. मी ऐकत असते ते वेगळंच. कॅमेऱ्यापुढं तळहात नेला आणि मागं घेतला की काही फोनांतून अगदी बारीक आवाज येतो, नखाखाली ऊ चिरडल्यावर येतो तसा. आवाज आला म्हणजे आतलं भिंग सरकतं आहे.

हे माझं पोटापाण्याचं काम आहे. सांगितलं तर कुणाला पटत नाही, म्हणून मी सांगत नाही. शेजारपाजारी विचारलं तर म्हणते, ऑफिसात साफसफाईला आहे. तेही खोटं नाही.

दिवाळी अंकांत लोक आपापल्या कामाबद्दल लिहितात. पोस्टातले, कोर्टातले, दवाखान्यातले. ऑफिसात अंक येतो, सगळ्यांचा वाचून झाला की मी घरी आणते. माझ्या कामाचं कुणी लिहिलेलं वाचण्यात आलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. कागदापुढं तसं होत नाही. हे लिहिलेलं मी कुणाला देणार नाही. पण रुक्मीच्या डोळ्याचं जे झालं ते एकदा सरळ मांडावं असं फार दिवस वाटतंय, आणि ते मांडायचं तर आधी काम सांगावं लागेल.

रुक्मी माझी धाकटी बहीण, मंद्रूपला दिलेली. तिला उजव्या डोळ्यानं आता उजेड आणि सावली एवढंच कळतं.

मी आधी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते. लांब टेबलावर टॉवेल पसरायचा, हात फिरवायचा, कुठं धागा तुटलाय, कुठं वर आलेल्या दोऱ्याचा फासा निसटलाय ते शोधायचं. कारखाना बंद पडला. मग जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, श्रीनिवास सरांच्या ऑफिसात झाडूफरशीला आणि चहाला लागले. सरांच्या घरी हातमाग होते, तेलुगू बोलणारं विणकराचं घर. मुलगा शिकला आणि मागाच्या खोलीवर मजला चढवून मोबाईलची ॲप बनवू लागला. प्रोग्राम लिहायला नाझनीन होती. विजापूर वेशीकडची मुलगी, बोलायला फटाकडी, सगळ्यांना नावं ठेवणारी आणि सगळ्यांना जीव लावणारी.

एकदा ती एक फोन कागदावर धरून फोटो काढत होती आणि चिडत होती. फोटो धुरकट येत होता तो कॅमेऱ्यामुळं की तिचा हात हलत होता म्हणून, तेच कळेना. मी कपबशा उचलायला गेले होते.

"मावशी, जरा धरा की. हात लावू नका कशाला, नुस्ता धरा."

मी धरला. टॉवेलवरून वर्षानुवर्षं फिरलेला हात आहे, तो हलत नाही. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, "या अल्ला, हे तर स्टँड मिळालं की!"

त्या दिवसापासून मी स्टँड झाले.

आता ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सुईत दोरा ओवताना आपण सुई जवळ आणतो, लांब नेतो, जिथं नीट दिसते तिथं थांबतो. कॅमेऱ्याला सुई हलवता येत नाही, म्हणून तो आपलं भिंग हलवतो. मसुरीच्या डाळीएवढं भिंग, तेही केसभर पुढं किंवा मागं. पण सगळ्या फोनांत ते हलत नाही. स्वस्तातल्या फोनात ते पक्कं चिकटवलेलं असतं. लांबचं बरं दिसतं, जवळचं धुरकट. काही फोनांत ते हलतं, पण पडद्यावर बोट टेकवून सांगितलं तरच. आणि काहींत ते आपण होऊन सारखं चाचपत असतं. नाझनीन या तिघांना इंग्रजी नावं सांगायची, ती माझ्या लक्षात राहायची नाहीत. मी माझी ठेवली. ठोकळा, सांगकाम्या आणि चौकस. पुढं पुढं ऑफिसात सगळेच ती म्हणू लागले. श्रीनिवास सर गिऱ्हाइकाशी बोलताना एकदा चुकून "ठोकळा" म्हणून गेले आणि स्वतःच हसले.

ॲपला हे आधी माहीत असावं लागतं. ठोकळा असेल तर माणसाला सांगायचं, बाबा रे, फोन लांब धर, जवळून येणार नाही. सांगकाम्या असेल तर फोटोआधी ॲपनं त्याला हुकूम सोडायचा. चौकस असेल तर तो चाचपून स्थिर होईतो थांबायचं. म्हणून ॲप उघडलं की पहिल्यांदा फोनलाच विचारतं, तुझा कॅमेरा कुठल्या जातीचा? भिंग किती जवळचं बघू शकतं? फोन उत्तर देतो. शून्य म्हणाला, म्हणजे भिंग सरकतच नाही, तर ठोकळा. हे विचारणं नाझनीन लिहायची, आणि फोननं दिलेलं उत्तर खरं की खोटं ते मी फोन धरून बघायची. मी घरून एक जुना टॉवेल आणला होता. वीतभर अंतरावरून त्याचे फासे एकेक सुटे दिसले तर खरं.

फोन माणसांसारखेच असतात. एक फोन असा होता की त्याला जात विचारली की ॲपच बंद पडायचं, जसं काही अपमान झाला. एकानं उत्तरात आपल्याला येतात म्हणून सगळे प्रकार सांगितले, आणि धरला तर एकही येईना.

"हा तर आमचा मामू आहे," नाझनीन म्हणाली. "सगळं येतं म्हणतो. बल्ब बदलायला बोलवा, घराचा फ्यूज उडवून चहा पिऊन जातो."

पहिलं मोठं काम सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याचं आलं. फळावरचे डाग फोटोवरून ओळखायचे होते. तो स्वतः टोपलीभर डाळिंबं घेऊन आला. त्याचाच फोन ठोकळा निघाला. नाझनीननं समजावलं तर म्हणाला, "फोन चांगला हाय माझा. नीट धरंना तुमची बाई." त्यानं स्वतः धरला, तरी धुरकट. मग म्हणाला, "हितं उजेडच न्हाय." गॅलरीत जाऊन आला. शेवटी नाझनीननं आपल्या फोननं काढून दाखवला. तो फोटो बघून तो म्हणाला, "म्हंजे आजपर्यंत मी पोराबाळांचं सगळं फोटू आंधळ्यावानी काढलं म्हणा की." आम्ही हसलो. तो नाही हसला. जाताना डाळिंबं ठेवून गेला.

ते ॲप चाललं. त्यात चूक झाली तर एखादं फळ वाया जात होतं, एवढंच.

मग डोळ्यांचं काम आलं. एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता, नाव लिहीत नाही. त्यांना खेड्यातल्या आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या, हातात ॲप द्यायचं होतं. डोळा दुखतोय म्हणून कुणी आलं की ताईंनी फोटो काढायचा, तो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बघणार, आणि थेंब पुरेत की लगेच निघून यायचं ते कळवणार. सुगीत या भागात डोळ्यांना फार इजा होते. ज्वारी काढताना कूस, म्हणजे कणसाचं कुसळ, उडतं, पात कापते. बुबुळावर बारीक जखम होते, ती चिघळली की पांढरं पडतं. त्याला आमच्याकडं डोळ्यात फूल पडलं म्हणतात. नाव असं गोड, आणि पडलं की जात नाही.

डाळिंबाच्या ॲपमधलं फोनला जात विचारायचं काम या ॲपमध्ये तसंच्या तसं आलं. मुद्दाम आणलं, कारण ते तावूनसुलाखून झालेलं होतं. ठोकळा फोन असेल तर ॲप सरळ सांगणार, या फोननं होणार नाही. बाकीच्यांना पुढं जाऊ देणार. फोटो धुरकट आहे का हे तपासायची एक चाळणीही होती, पण पाणावलेला डोळा तसाही मऊ येतो, आणि ती चांगले फोटोही परत पाठवायची. आशाताई वैतागल्या. तेव्हा चाळणी सैल केली. फोनची जात ठाऊक आहे, भिंग सरकतंय, मग काळजी कसली असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं.

या कामात मी टॉवेल बाजूला ठेवला. नाझनीनचा डोळा, सरांचा डोळा, वॉचमनचा डोळा असे फोटो काढले. माझा डोळा कुणी काढायचा, फोन तर माझ्या हातात! नाझनीन म्हणाली, "मावशी, तुम्ही सोलापूरच्या सगळ्या डोळ्यांत बघून घेतलं. आता कुणाची लाज बाळगता?"

मी घरी कधी कामाचं बोलत नाही, पण संक्रांतीला रुक्मी आली तेव्हा बोलून गेले. ती कौतुकानं ऐकत होती. "अक्का, म्हंजे आमच्या शोभाताईच्या मोबाईलात जे डोळ्याचं आलंय, ते तू बघून दिलंयस?" मी मान हलवली. तिनं माझ्या दोन्ही हातांना धरून बघितलं, जसं काही पहिल्यांदाच दिसले.

शोभाताई म्हणजे त्यांच्या गल्लीची आशाताई. भली बाई.

सुगीत रुक्मीचा फोन आला. "अक्का, डोळ्यात कूस गेलंय गं. लई टोचतंय. उघडंना झालाय."

मी म्हटलं, चोळू नको, पाण्यानं धू.

"धुतला की. सासूबाई म्हणत्यात, गंगूबाईकडं चल." गंगूबाई त्यांच्याकडची म्हातारी, जिभेच्या टोकानं डोळ्यातलं कूस काढते. पिढ्यान् पिढ्या लोक तिच्या घरात जातात. "मी म्हनलं, मी काय न्हाय जायाची. माझ्या अक्काचं ॲप हाय. आत्ताच शोभाताईकडं जाऊन फोटू काढून आले."

मला बरं वाटलं. तेव्हा किती बरं वाटलं ते आठवलं की आता अन्न गोड लागत नाही.

दवाखान्यातून उत्तर आलं. डोळा लाल आहे, जखम दिसत नाही, थेंब घाला, आराम नाही पडला तर पुन्हा फोटो पाठवा. तिनं थेंब घातले. आराम पडला नाही. पुन्हा फोटो पाठवला. पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंना दोष नाही, त्यांना जे दिसलं त्यावर त्यांनी लिहिलं. सासूबाई घरात म्हणतच होत्या, "मोबाईलनं कूस निघतंय व्हय? गंगूबाईनं कवाच काढलं असतं." रुक्मीनं ऐकलं नाही. काढणी चालू होती, सोलापूरला यायचं तर मजुरी बुडणार, आणि दवाखान्याचं माणूस तर रोज फोनवरून बघतंयच, असं तिला वाटत होतं. शेजारणींना सांगायची, "काळजी न्हाय. माझ्या अक्कानं तपासलेलं हाय त्ये."

मी रोज विचारायची. ती म्हणायची, हाय तसंच, पण दाखवलंय. एक दिवस म्हणाली, "अक्का, धुकं पडल्यावानी दिसतंय." मी सरांना सुट्टीही न विचारता एसटी पकडली.

मी तिचा डोळा उघडून बघितला. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं होतं. फोटोची काय गरज होती? उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

तिथूनच तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि भिंगातून डोळा तपासला. मग म्हणाल्या, "एवढी जखम मला फोटोत कशी दिसली नाही?" त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत, स्वतःशीच म्हणाल्या. औषध चालू झालं. जखम भरली, फूल राहिलं. बुबुळ बदलता येतं म्हणतात, त्यासाठी कुणाचं तरी मिळावं लागतं. नाव लावून ठेवलं आहे.

मंद्रूपहून निघतानाच मी शोभाताईंचा मोबाईल मागून घेतला होता. त्या बिचाऱ्या आधीच रडत होत्या. "मी काय वंगाळ केलं का हो ताई? त्यानं हिरवं दाखवलं की फोटू पाठवायचा, येवढंच शिकवलंय आमाला." हिरवं म्हणजे ॲप फोटो बरोबर म्हणतं तेव्हा चौकट हिरवी होते.

ऑफिसात फोन नाझनीनच्या टेबलावर ठेवला. तिनं त्याला जात विचारली. चौकस, फोननं उत्तर दिलं. किती जवळचं दिसतं? वीतभर. भिंग जागेवर लागलं का? लागलं. चौकट हिरवी झाली. आणि पडद्यावर टॉवेल असा दिसत होता, जसा तो वाफेतून दिसावा.

"पण हे मॉडेल तर आपण तपासलं होतं, मावशी. चांगलं होतं."

तपासलं होतं. ते नवं होतं, डब्यातून काढलेलं. आमच्या ऑफिसातले सगळे फोन डब्यातून काढलेले असायचे.

मी शोभाताईंच्या घरच्या दुसऱ्या मोबाईलवर फोन लावला. मला फोनवर परक्या माणसाशी बोलायला फार जड जातं, पण त्या दिवशी विचारलं, हा मोबाईल कधी दुरुस्त केला होता का? "व्हय की," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या हौदात पडला होता. सोलापुरात बाजारात दिला. कॅमेरा दुसरा घातला त्यानं, स्वस्तातला. मस्त झालाय म्हनला."

दुरुस्तीवाल्यानं ठोकळा कॅमेरा बसवला होता. फोनला ते ठाऊक नव्हतं. तो आपल्या जन्माची जात सांगत होता. भिंगाला सरक म्हणत होता, आणि ते सरकलं असेल असं धरून चालला होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. खेड्यातला कुठला फोन एकदा तरी पाण्यात पडत नाही, दगडावर आपटत नाही? नवा कोण घेतो? दुरुस्त करून वापरतात. हे मला काय माहीत नव्हतं? माझाही फोन दोनदा उघडलेला आहे. पण ऑफिसात चढून आलं की गावाकडचं गावाकडं राहतं. नाझनीनच्या बापाचं तर फोन दुरुस्तीचंच दुकान आहे. तिला कुठं आठवलं?

मी तो फोन कानाला लावला. हात पुढं नेला, मागं घेतला. पुन्हा नेला. आत काही हललं नाही.

नाझनीन म्हणाली, "आला आवाज?" मी नाही म्हटलं. ती उठून आत निघून गेली. श्रीनिवास सर दारात उभे होते. ते इतकंच म्हणाले, "आजपासून फोनला विचारायचं नाही."

आता विचारत नाहीत. ॲप उघडलं की ते भिंगाला सांगतं, अगदी जवळ ये, आणि एक फोटो घेतं. मग सांगतं, अगदी लांब जा, आणि दुसरा घेतं. दोन्ही फोटो सारखेच आले तर भिंग सरकलंच नाही, मग फोन स्वतःला काहीही म्हणवो. साधी गोष्ट आहे. मुलगी बघायला गेल्यावर तिला चालायला लावतात, नुसतं विचारत नाहीत, तसं. ट्रस्टनं सगळ्या आशाताईंचे फोन या परीक्षेला बसवले. बरेच नापास झाले. त्यातल्या किती फोनांतून कुणाकुणाचे डोळे गेले होते, ते मी विचारलं नाही. माझ्यात विचारायची ताकद नव्हती.

रुक्मी तपासणीला येते तेव्हा ऑफिसात येऊन बसते. पहिल्यांदा आली तेव्हा नाझनीन तिच्यापुढं जायलाच तयार नव्हती. नाझनीन चहा करायच्या खोलीत लपली होती, रुक्मीच तिथं गेली.

"तूच का गं ती नाजनीन? अक्का लई सांगती तुझं. ये की हितं, बस. मी काय चावती व्हय?"

नाझनीन तिच्या पायाशी बसली आणि रडली. रुक्मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "कूस माझ्या डोळ्यात गेलं, तुमच्या मोबाईलातनं न्हाय आलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "गंगूबाईनं तरी काय काढलं असतं कुनाला ठावं. सासूबाईला म्हनायला एक मिळालं, आनि काय." तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

नव्या ॲपसाठी नमुन्याचा फोटो हवा होता. डोळ्याचा चांगला फोटो कसा यावा, जखम किंवा फूल असेल तर ते कसं दिसावं, हे आशाताईंना दाखवायला. आणि फोन तपासताना माझ्यासमोर कायम धरायलाही काहीतरी हवं होतं, वॉचमनला रोज किती पकडायचं? सरांनी विकत मिळतो का विचारलं. रुक्मी चहा पीत होती. म्हणाली, "इकत कशाला आणताय? माझाच लावा की. कुनाला तरी उपेग."

मला नको म्हणायचं होतं, पण मी फोन उचलला. तिनं डोळा ताणून धरला, मीच फोटो काढला. हात हलला नाही. फोटो फार चांगला आला. पापणीचा केस न् केस मोजता येईल असा. मोठा करून छापला आणि माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला.

आता नवा फोन आला, किंवा दुरुस्तीवरून आलेला, तरी मी तो त्या डोळ्यापासून वीतभर धरते. कॅमेरा उघडतो तेव्हा क्षणभर सगळं धुरकट असतं. त्या धुरकटात रुक्मीचा डोळा लहानपणी होता तसा दिसतो, काळा, आख्खा. मग बारीक टिक होतं, भिंग सरकतं आणि फूल दिसायला लागतं. नाझनीन तिकडून विचारते, "मावशी, आलं का?"

मी म्हणते, "आलं." आणि पुढचा फोन उचलते.